वाटूरचे डॉ. केतकर : एक स्वलिखित परिचय

ज्ञानकोशात स्वतःवर लेख लिहायचा नसतो, हा आमच्या क्षेत्रातला पहिला नियम. तो दुसऱ्या कुणीतरी लिहावा लागतो. मी गेली अकरा वर्षं वाट पाहतो आहे. अजून कुणाला सुचलेलं नाही, त्यामुळे ज्ञानकोशाच्या बाहेर येऊन हे काम मीच उरकून घेतो.

तर मी मराठी विकिपीडियाचा संपादक. मुक्काम वाटूर, तालुका परतूर, जिल्हा जालना. जालन्याहून मंठ्याकडे निघालात की वाटूर फाटा लागतो आणि तिथून एक रस्ता परतूरकडे वळतो. बसमधल्या माणसांना फाटा माहीत असतो. गाव विचारलं की ती खिडकीतून बाहेर बघतात. ही आमची जुनी जखम आहे. पोटासाठी मी सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचा फॉर्म, झेरॉक्स. दुपारी सर्व्हर डाउन असला की मी मानवजातीच्या ज्ञानात भर घालतो. सर्व्हर बऱ्याचदा डाउन असतो, म्हणून भरही बरीच पडली आहे.

विकिपीडियावर प्रत्येक संपादकाला एक 'सदस्य पान' मिळतं. तिथे स्वतःबद्दल चार ओळी लिहिता येतात. बहुतेक जण 'मला मराठीची आवड आहे' एवढं लिहून थांबतात. माझं पान मोबाइलवर वाचायचं तर अंगठा दुखतो. कारण मला नुसती आवड नाही, मतं आहेत. नमुन्यादाखल चार देतो.

एक. 'वाटूर'मधला टू दीर्घ. अकारान्त शब्दात शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ लिहायचा, हा मराठी साहित्य महामंडळाच्या लेखन नियमांपैकी एक. ते नियम १९६२ साली ठरले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडून अठरा झाले. म्हणून लातूर, परतूर, वाटूर. पण सामान्यरूप झालं की तोच उकार ऱ्हस्व : लातुरात, परतुरात, वाटुरात. पाटी रंगवणाऱ्या पोरांना मी हे समजावून सांगितलं आहे. ती आता दुसऱ्या केंद्रावरून झेरॉक्स काढतात.

दोन. 'निसर्गरम्य', 'पावन भूमी', 'सुप्रसिद्ध' आणि 'लोकनेते' हे शब्द लेखात दिसले की मी काढून टाकतो. गावात किती घरं आहेत, पाणी कुठून येतं, दवाखाना किती लांब आहे ते सांगा. रम्य आहे की नाही ते आल्यावर बघू.

तीन. सरपंच हे पद आहे, लेखाचा विषय नाही. या मतामुळे मागच्या लग्नसराईत आमच्या घरी दोन पत्रिका कमी आल्या.

चार. ज्या वाक्याला आधार दाखवता येत नाही, ते वाक्य कितीही गोड असलं तरी लेखात ठेवू नये. बायकोचं म्हणणं आहे की हे मत मी घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवावं. "अहो, परवा तुम्हीच हो म्हणालात जालन्याला जायचं," असं ती म्हणाली आणि मी म्हटलं, "संदर्भ?" त्या रात्री भाकरी थंड मिळाली.

एवढ्यावरून माझं व्यक्तिमत्त्व लक्षात आलं असेल. आता मुद्द्यावर येतो. मध्यंतरी एक काका सातब्याऱ्यासाठी बसले होते. माझ्या स्क्रीनकडे बघत म्हणाले, "कामून लिहितो रे हे? पैसे भेटतेत का?"

"नाही काका."

"मग तुव्हं नाव येतं का त्याच्यावर?"

"लेखावर नाव नसतं."

"मग?"

या 'मग?'चं उत्तर द्यायचं तर मला रोमपासून सुरुवात करावी लागते. काकांचा सातबारा तेवढ्यात निघाला आणि ते गेले. तुम्ही थांबा.

आमचं घराणं

ज्ञानकोश लिहिणारी माणसं पहिल्यापासून अशीच आहेत. इ.स. ७७च्या सुमारास रोमच्या थोरल्या प्लिनीने ३७ भागांचा 'नॅचरलिस हिस्टोरिया' पुरा केला. प्रस्तावना थेट युवराज टायटसला उद्देशून. त्यात तो सांगतो की शंभर निवडक लेखकांचे दोन हजार ग्रंथ चाळून आपण वीस हजार गोष्टी गोळा केल्या आहेत. बढाई म्हणाल तर बढाईच. पण पुढे त्याने एक काम केलं. पहिला अख्खा भाग अनुक्रमणिकेला दिला आणि प्रत्येक भागासाठी कुणाकुणाचं वाचलं, त्यांची नावं त्यात लिहून टाकली. बढाई मारली, ती यादी जोडून मारली. दोन वर्षांनी व्हेसूव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा हा गडी आरमाराचा अधिकारी होता. तो जवळून बघायला आणि लोकांना वाचवायला गेला आणि परत आला नाही. आमच्यापैकी बरेच जण विकिपीडियावर फोटो टाकायला विहिरीच्या काठावर ओणवे होतात. परंपरा जुनी आहे, एवढंच सांगायचं होतं.

पुढे फ्रान्समध्ये दिदेरोने 'आंसिक्लोपेदी' काढली. १७५१ ते १७७२ या काळात तिचे मजकुराचे १७ आणि चित्रांचे ११ खंड निघाले. मध्येच, १७५९ साली, सरकारने तिच्यावर बंदी घातली. नाव दिदेरोचं झालं, पण त्यातले जवळजवळ चौथा हिस्सा लेख, सतरा हजारांच्या घरात, लुई द जोकूर नावाच्या एका माणसाने लिहिले. घरचा श्रीमंत, शिक्षणाने डॉक्टर. दिवसभर लेखनिकांना मजकूर सांगत बसायचा. त्यांचे पगार भागवायला त्याने पॅरिसमधलं घर विकलं. ते घर विकत कुणी घेतलं? त्याच कोशाच्या छापखानावाल्याने. जोकूरच्या लिखाणावर त्याने पैसे कमावले होते. काकांचा 'पैसे भेटतेत का' हा प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्येही कुणीतरी विचारला असणार.

नागपुरातली कंपनी

आता आपल्या घरचं. मराठीत कोशांची सुरुवात केतकरांच्या आधीच झाली होती. रघुनाथ भास्कर गोडबोले यांचा 'भारतवर्षीय प्राचीन ऐतिहासिक कोश' १८७६ सालचा. पण जगातलं सगळं ज्ञान मराठीत आणायचं, अ पासून शेवटापर्यंत, हे वेड पहिल्यांदा ज्याच्या डोक्यात शिरलं त्याचं नाव श्रीधर व्यंकटेश केतकर.

जन्म १८८४, रायपूर. शिक्षण अमरावती आणि मुंबईत. पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेच्या इतिहासावर प्रबंध लिहून १९११ साली पीएच.डी. मिळवली. १९१२ मध्ये मायदेशी परतले. एवढं शिकून माणूस बॉम्बे किंवा कलकत्त्यात सुखाची नोकरी धरतो. केतकरांनी काही दिवस कलकत्त्यात शिकवलंही. मग ते विदर्भात आले आणि मराठी ज्ञानकोश काढायच्या खटपटीला लागले.

त्यासाठी पैसा हवा. राजेमहाराजांचा आश्रय हा तेव्हाचा सरळ रस्ता. केतकरांनी त्याऐवजी नागपुरात रीतसर लिमिटेड कंपनी काढली. ज्ञानकोश मंडळाचे शेअर विकले, खंड छापायच्या आधीच वर्गणीदार गोळा केले. आज तुम्ही ज्याला क्राउडफंडिंग म्हणता ते हेच, फक्त लिंक पाठवायच्या जागी माणूस स्वतः गावोगाव फिरत होता. पुढे कारभार पुण्याला हलला आणि १९२०च्या दशकात एकामागून एक २३ खंड बाहेर पडले. पहिले पाच नुसत्या प्रस्तावनेचे : हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. प्रस्तावनेला पाच खंड! माझ्या सदस्य पानाच्या लांबीवरून मला बोलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

काम संपत आल्यावर केतकरांनी त्या कामाचाच इतिहास लिहून छापला. नाव : 'माझे बारा वर्षांचे काम'. १९२७ सालचं पुस्तक. कुणी आपला गौरवग्रंथ काढील, मग आपण संकोचून नको नको म्हणू, असली वाट त्यांनी पाहिली नाही. मला केतकर आवडतात ते इथे. आपण काय केलं, पैसा कुठून आला, माणसं कशी जमली, ते त्यांनी स्वतःच मांडलं. शंका असेल त्याने तपासावं.

पण या गोष्टीत दुसरंही एक माणूस आहे. लंडनमध्ये केतकरांची ओळख एडिथ कोन या ज्यू मुलीशी झाली होती. १९२० साली ती हिंदुस्थानात आली, व्रात्यस्तोम विधी होऊन हिंदू झाली, शीलवती केतकर झाली. केतकरांच्या घरात पैशाची ओढाताण कायमची. या बाईंनी विंटरनिट्झ या विद्वानाचा भारतीय साहित्याचा जर्मनमधला इतिहास इंग्रजीत आणला. कलकत्ता विद्यापीठाने तो छापला आणि अनुवादक म्हणून नाव आलं 'मिसेस एस. केतकर'. जगभरचे संस्कृतचे विद्यार्थी कित्येक वर्षं तो वाचत आले. केतकर १९३७ साली गेले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी शीलवतीबाईंनी मराठीत आठवणी लिहिल्या, त्यांचं नाव 'मीच हे सांगितलं पाहिजे'. ज्ञानकोशकाराच्या घरात राहिलेल्या बाईने पुस्तकाला हे नाव द्यावं, यावर मी बराच विचार केला आहे. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं." पुढे काही बोलली नाही. मीही संदर्भ मागितला नाही.

केतकरांच्या हाताखाली तयार झालेली माणसं पुढे थांबली नाहीत. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी १९३२पासून 'महाराष्ट्र शब्दकोश' काढला. त्याच वर्षी सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांच्या चरित्रकोशाचा प्राचीन खंड आला. पुढे महादेवशास्त्री जोशी यांनी १९६२ ते १९७९ या काळात दहा खंडांचा 'भारतीय संस्कृतिकोश' पुरा केला. हे सगळे हट्टी लोक होते. भिडस्त माणूस 'अ'पासून सुरुवात करतो आणि 'क'पाशी थकतो.

नकाशाबाहेरचं गाव

इथपर्यंतच्या इतिहासात नागपूर आलं, पुणे आलं, अमरावती आली. वाटूर कुठे आहे?

वाटूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. इंग्रजांनी मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांची जाडजूड गॅझेटिअर काढली. जेम्स कॅम्बेल या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली पुणे, सातारा, नाशिक, रत्नागिरी अशा जिल्ह्यांतली देवळं, पिकं, बाजार, जाती, नद्या यांची बारीकसारीक नोंद झाली. पुण्याकडच्या संपादकाला गावावर लेख लिहायचा तर तो हे पुस्तक उघडतो आणि तळटीप तयार. मराठवाडा त्या इलाख्यात नव्हता, म्हणून त्या मालिकेतही नाही. औरंगाबादचं एक गॅझेटिअर १८८४ साली निजाम सरकारने काढलं, पुढे इम्पीरियल गॅझेटिअरमध्ये हैदराबाद संस्थानावर खंड निघाला. पण गावपातळीवरचं लिखाण आमच्या वाट्याला थोडकंच आलं.

भाषेचीही गोष्ट वेगळी. संस्थानाचा कारभार उर्दूत. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उघडलं ते उर्दू माध्यमाचं. त्यासाठी भाषांतराचा मोठा विभाग उभा राहिला आणि पाश्चात्त्य शास्त्रांची पुस्तकं उर्दूत येऊ लागली. म्हणजे बघा, केतकर जगाचं ज्ञान मराठीत आणायला धडपडत होते त्याच वर्षांत हैदराबादेत तेच ज्ञान उर्दूत आणायचं काम सरकारी खर्चाने चाललं होतं. दोन्ही कामं मोठी. मराठी बोलणारं आमचं गाव दोन्हींच्या मधल्या फटीत. १९३१ साली हैदराबादला मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष कोण? डॉ. केतकर. ज्ञानकोशकार आमच्या राजधानीपर्यंत येऊन गेले होते. याचा मला उगाचच अभिमान वाटतो.

सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस ॲक्शन झाली, हैदराबाद भारतात आलं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात, १९६० साली महाराष्ट्रात. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, त्यात परतूर तालुका परभणीतून आला. म्हणून त्याआधी छापलेल्या पुस्तकात आमचा तालुका परभणी जिल्ह्यात दिसतो आणि ते बरोबर आहे. एका गावाने जागचं न हलता तीन राज्यं आणि दोन जिल्हे बघितले. प्रत्येक वेळी कागद बदलले, भाषा बदलली, दप्तर दुसऱ्या गावी गेलं. आमच्या केंद्रावर म्हातारी माणसं जुनी खासरा पत्रकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणतात. त्यांच्या बापाने ती जपली, कारण हा कागद गेला तर आपण गेलो, एवढं त्याला कळत होतं.

वाई आणि सांगकाम्या

महाराष्ट्र झाल्यावर त्याच वर्षी, १९६०मध्ये, साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. मराठी विश्वकोशाचं काम साताऱ्याजवळच्या वाई गावात सुरू झालं. पहिला खंड १९७६ साली आला, विसावा २०१५मध्ये. तर्कतीर्थ १९९४ सालीच गेले होते. चाळीसेक वर्षांचं हे काम आहे. यात नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव येतं, तज्ज्ञ तपासतो, तज्ज्ञावर संपादक बसतो. म्हणून विश्वकोशातली नोंद डोळे झाकून वापरावी इतकी पक्की असते. अडचण एकच, छापील खंडाला घाई नसते. 'इ'चा खंड निघाला तेव्हा आपल्याकडे इंटरनेट कुणाच्या स्वप्नात नव्हतं. आणि इतक्या थोर तज्ज्ञांच्या वेळेतून प्रत्येक खेड्याला ओळ कशी मिळणार?

१५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३चा, महाराष्ट्र दिनाचा. इथे तज्ज्ञ असायची अट नाही. माझ्यासारखा झेरॉक्सवालाही संपादन करू शकतो. इथली मराठी मला पहिल्या दिवशी आवडली. चर्चेच्या जागेचं नाव 'चावडी'. नवशिक्याने सराव करायचा ती 'धूळपाटी'. आपोआप चालणारा प्रोग्राम म्हणजे 'सांगकाम्या'. इंग्रजीत त्याला बॉट म्हणतात. सांगकाम्यात जी गंमत आहे ती बॉटमध्ये नाही. आमच्याकडे शेतात सालगडी असतो, तसा इथे सांगकाम्या. सांगितलं तेवढं करतो, न थकता करतो, स्वतःचं डोकं लावत नाही.

महाराष्ट्रात चाळीस हजारांवर गावं आहेत. त्यांतल्या हजारो गावांवर लेख तयार झाले ते एकाच साच्यातून. हे गाव अमुक तालुक्यात आहे. मग मथळे : भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. आणि मथळ्यांखाली काहीच नाही. रिकाम्या खुर्च्या मांडून पाहुणे न आलेल्या लग्नासारखं ते पान दिसतं. काही लोक या पानांना हसतात. मला हसू येत नाही. खुर्ची मांडलेली तर आहे! केतकरांच्या काळात आमच्या गावासाठी ती कुणी मांडली नव्हती. आता कुणीतरी बसायचं बाकी आहे.

आणि त्या रिकाम्या जागेला आज पूर्वीपेक्षा जास्त वजन आलं आहे. तुम्ही फोनला गावाचं नाव विचारता तेव्हा तो जे धडाधड बोलतो, ते कुठून येतं? नकाशे, सर्च, चॅटबॉट यांनी विकिपीडिया पोटभर खाल्लेला असतो. तिथे दोन ओळी असतील तर फोनला दोन ओळी येतात. उरलेलं तो मनाने रचतो, आणि इतक्या आत्मविश्वासाने रचतो की मलाही न्यूनगंड यावा.

संदर्भ हवा

विकिपीडियावर आधार नसलेल्या वाक्याच्या शेपटीला एक छोटी खूण चिकटते : 'संदर्भ हवा'. गावातल्या लोकांना मी हे समजावून सांगायचो तेव्हा ते जांभया द्यायचे. २०२३ साली हे बदललं.

मराठा आरक्षणाचं आंदोलन आमच्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीतून पेटलं. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. मोडीतली, उर्दूतली दप्तरं उघडली गेली. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटिअरसंबंधी शासन निर्णय निघाला. तो कुणाला पटला, कुणाला नाही. त्यावर आपल्या राज्यात दोन्ही बाजूंनी तावातावाने बोललं जातं आणि ज्ञानकोशकार म्हणून मी त्यात पडत नाही. मी फक्त एवढं नोंदवतो की ज्या फाट्यावर 'गॅझेटिअर' हा शब्द मी एकटा उच्चारत होतो, तिथे आता चहाच्या टपरीवर सकाळी सातला त्याच्यावर वाद चालतो. शंभर वर्षांपूर्वी एका कारकुनाने काय लिहून ठेवलं, यावर आज एखाद्या पोराची फी आणि नोकरी ठरू शकते. त्या कारकुनाचं नावही कुणाला ठाऊक नाही. त्यालाही तेव्हा घरच्यांनी विचारलं असेल, इतकं कामून लिहितो?

पण 'संदर्भ हवा'ची दुसरी बाजूही आहे आणि ती मला झोपू देत नाही. आमच्या गल्लीत एक आज्जी होत्या. रझाकारांच्या दिवसांत अंधार पडला की बायकापोरं गाव सोडून ज्वारीच्या रानात झोपायला जायची, हे त्या सांगायच्या. लेकरू रडू नये म्हणून तोंडात गुळाचा खडा कसा ठेवायचा, तेही सांगायच्या. हे मी लेखात घालू शकत नाही. विकिपीडियाचा नियम आहे : मूळ संशोधन नको. आधी ते दुसरीकडे कुठेतरी छापून आलेलं असलं पाहिजे. नियम योग्य आहे. तो नसता तर एव्हाना प्रत्येक गावात शिवाजी महाराज मुक्कामाला येऊन गेले असते आणि प्रत्येक लोकनेत्याने एक धरण बांधलं असतं. माझ्यासारख्या मतं असलेल्या माणसाला हाच नियम वेसण घालतो, नाहीतर वाटूर ही जगाची राजधानी आहे असं मी केव्हाच लिहिलं असतं. पण या योग्य नियमाची किंमत कोण देतं? ज्यांच्याबद्दल पूर्वी कुणी छापलं नाही, ते देतात. पुण्याच्या आज्जीची आठवण एखाद्या आत्मचरित्रात असते, वाटूरच्या आज्जीची नसते. त्या आज्जी आता नाहीत.

यावर उपाय मला केतकरांकडे सापडला. त्यांनी कुणी ज्ञान मराठीत आणून देईल म्हणून वाट पाहिली नाही, आधी कंपनी काढली. आपण आधी छापायचं. शाळेला पन्नास वर्षं झाली की नुसता सत्कार करून नारळ फोडायचा नाही, स्मरणिका काढायची. तीत नुसते शुभेच्छा संदेश आणि कारखान्याची जाहिरात घालायची नाही, गावातली विहीर कुणी कधी खोदली ते लिहायचं. जालन्याच्या वर्तमानपत्राला बातमी पाठवायची. दिवाळी अंकाला लेख पाठवायचा. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक गावाची लोकसंख्या, शाळा, दवाखाना, पाण्याची सोय यांचे आकडे असतात, ते उघडून बघायचे. हैदराबादची जुनी रेल्वे मनमाडपर्यंत आली, परतूरला स्टेशन झालं, तेव्हापासून आमच्या कापसाचं आणि बाजाराचं काय झालं, यावर एखाद्या पोराने एम.ए.चा प्रबंध लिहायचा. मग मी तळटीप देईन आणि ते रिकामे मथळे एकेक करून भरतील.

काकांच्या 'मग?'चं माझं उत्तर एवढंच आहे. ज्या गावाचं कुणी लिहीत नाही, त्याचं दुसरे लिहितात, किंवा फोन मनाने रचतो. लिहायला कुणीतरी आगाऊ, हट्टी, स्वतःला फार समजणारा माणूस लागतो. सभ्य, नम्र माणसं 'आपण कोण लिहिणारे' म्हणून गप्प बसतात आणि पान रिकामं राहतं. वाटुरात ती जागा मी भरून काढली आहे. तुमच्या गावात रिकामी असेल तर तुम्ही बघा. पगार नाही, नाव नाही, लग्नपत्रिका कमी येतात. अंगठ्याने टाइप करता येत असेल तर पुरे.

सुरुवात आज रात्रीच करता येईल. घरात आजी असेल तर तिच्यासमोर फोन ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा की त्या वर्षी पाणी कुठून आणायचीस. ती म्हणेल, "त्याच्यात काय सांगायचं?" तिथे थांबू नका, पुन्हा विचारा. तारीख, ठिकाण, नातं नीट लिहून घ्या. मग ते कुठेतरी छापून आणा आणि विकिपीडियावर आपल्या गावाच्या पानाला जोडा.

जोडण्याआधी ऱ्हस्व-दीर्घ एकदा तपासा. नाही तपासलंत तर मी आहेच.